मालेगावची घरे आणि गॅझेटिअरचे मालेगाव

१

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा असून तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या मालेची थोरवी नव्याने सांगावयास नको. नाशिक जिल्ह्याविषयी लिहू इच्छिणारा अभ्यासक, मग तो इतिहासाचा असो, समाजशास्त्राचा असो वा भाषेचा असो, आजही प्रथम याच खंडाकडे वळतो. तो त्यातील माहिती घेतो आणि माहितीबरोबर त्या ग्रंथाची मांडणीही नकळत उचलतो. माहितीची छाननी होते, पण मांडणीची सहसा होत नाही. मालेगावच्या जुन्या घरांचा व तेथील वस्त्यांचा विचार करू लागताच मात्र ही मांडणी तपासून घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

गॅझेटिअरची प्रकरणरचना सर्वपरिचित आहे. जिल्ह्यातील लोक ‘लोकसंख्या’ या प्रकरणात जातवार येतात, त्यांचे उद्योगधंदे व्यापाराच्या प्रकरणात येतात आणि गावे अखेरच्या ‘स्थळे’ या प्रकरणात अकारविल्हे लावलेली असतात. १९७५ साली महाराष्ट्र शासनाने नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरची सुधारित आवृत्ती काढली. तीत आकडे बदलले, इतिहासाची दृष्टी बदलली, तरी लोक एकीकडे आणि स्थळे दुसरीकडे ही विभागणी कायम राहिली. याचा परिणाम असा होतो की, मालेगावातील एखाद्या विणकराचे घर समजून घ्यावयाचे झाल्यास वाचकाला तीन ठिकाणी पाने चाळावी लागतात. राहणारा माणूस एका ठिकाणी, त्याचा माग दुसऱ्या ठिकाणी व त्याची गल्ली तिसऱ्या ठिकाणी अशी ही वाटणी झाल्यावर त्या घराचे एकसंध चित्र कोठेच उभे राहत नाही. ही उणीव केवळ संपादनाची मानली तर ती क्षुल्लक ठरेल. परंतु ‘ऐतिहासिक घर’ म्हणून कशाची गणना करावी, याचा निर्णय या मांडणीने गुपचूप करून टाकलेला आहे, आणि म्हणून तिचा विचार गंभीरपणे केला पाहिजे.

२

‘स्थळे’ या प्रकरणाच्या दृष्टीने मालेगावची ऐतिहासिक वास्तू एकच, ती म्हणजे मोसम नदीकाठचा भुईकोट किल्ला. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी तो १७४० साली बांधावयास घेतला, असे मानले जाते. नारो शंकर यांचे नाव १७४२ पासून काही वर्षे झाशीच्या सुभ्याशी जोडलेले आहे, आणि नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराचे मंदिर व त्याची घंटा यांमुळे ते सामान्य जनांच्याही ओठी आहे. तटांच्या दुहेरी रांगा, बुरूज, खंदक आणि आतील रंगमहाल ही या किल्ल्याची अंगे आजही ओळखू येतात. पुढे याच आवारात शाळा भरू लागली. सरदाराचे निवासस्थान विद्यार्थ्यांच्या वर्दळीत टिकून राहावे, ही गोष्ट वास्तूच्या इतिहासात दुर्लक्षिण्यासारखी नाही. तथापि किल्ला ‘पडला’ की त्याचा इतिहास संपला, अशी ज्या लेखनाची रीत आहे त्यात अशा उत्तरायुष्याला जागा मिळत नाही.

किल्ल्याच्या इतिहासातील ठळक प्रसंग म्हणजे १८१८ च्या मे-जून महिन्यांतील वेढा. पेशवाई बुडाल्यावरही किल्ल्यातील अरब शिबंदीने शस्त्र खाली ठेवले नाही. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेला बरीच हानी सोसून किल्ला घ्यावा लागला. या वेढ्याचे लष्करी वर्णन विस्ताराने दिले जाते. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यातील एक लहानसा तपशील अधिक बोलका वाटेल. शरण येण्यापूर्वी शिबंदीने लेखी हमी मागितली, आणि ती मराठीत लिहून देण्यात आली. या मराठी लेखाचा अर्थ इंग्रज सेनानीच्या मनातील अटींहून किल्ल्यातील लोकांना अधिक अनुकूल निघाला, आणि अखेर एल्फिन्स्टन यांनी तो अनुकूल अर्थच मान्य केला. इंग्रजांच्या लेखनात याचा उल्लेख मराठी लेखनिकाची चूक म्हणून येतो. ते खरे असेल किंवा नसेल. परंतु अरबी बोलणारी शिबंदी, इंग्रजी बोलणारा सेनानी आणि दोहोंमध्ये मराठी कागद, हे दृश्य मालेगावच्या पुढील दोनशे वर्षांच्या भाषाव्यवहाराचे जणू पहिले लेखी प्रमाणच आहे. मराठी येथे कोणाच्याच घरची भाषा नव्हती. ती परस्परांतील व्यवहाराची भाषा होती, आणि तरीही शेवटी बंधनकारक ठरला तो तिच्यातील मजकूर. गॅझेटिअरच्या रचनेत हा प्रसंग इतिहासात जमा होतो, भाषेच्या रकान्यात त्याची दखल नाही.

३

आता ‘लोकसंख्या’ या प्रकरणाकडे वळावयास हवे. इलाख्याच्या या मालेतील मुसलमान जमातींच्या नोंदींत एका आशयाचे विधान पुनःपुन्हा भेटते. ही मंडळी घरी हिंदुस्तानी बोलतात आणि परक्यांशी मराठी बोलतात, असा त्याचा सारांश. दक्षिणेकडील जिल्ह्यांत मराठीच्या जागी कानडी येते, एवढाच काय तो फरक. विधान वरवर पाहता निरुपद्रवी आहे, आणि ढोबळ मानाने ते खोटेही नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. घराला एक आत असते आणि एक बाहेर असते, या दोहोंमध्ये एक भिंत असते, आणि ती भिंत हीच भाषेचीही सीमा असते, असे ते गृहीत होय.

किल्ल्याला वा चौसोपी वाड्याला हे गृहीत बऱ्याच अंशी लागू पडते. ‘वाडा’ हा शब्दच संस्कृत ‘वाट’ या शब्दापासून, म्हणजे कुंपणाने वा तटाने वेढलेली जागा या अर्थापासून आला आहे. दिंडी-दरवाजा, देवडी, चौक आणि माजघर या क्रमाने परका माणूस कोठपर्यंत यावयाचा हे वाड्याची रचनाच ठरवून देते. परंतु मालेगावची ख्याती ज्यांच्यामुळे झाली त्या विणकरांच्या घरांना हे गृहीत कितपत लागू पडते?

मालेगावात मुसलमान वस्तीचे थर एकाहून अधिक आहेत. किल्ल्याच्या बांधकामासाठी सुरतेकडून व उत्तरेकडून कारागीर आले आणि येथेच राहिले, असे सांगितले जाते. दखनी बोलणारी जुनी घराणी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडील, म्हणजे बनारस, आझमगड, मऊ, अलाहाबाद या मुलखातील मोमीन विणकर मोठ्या संख्येने आले. १८५७ चा उठाव आणि १८६० नंतरचे दुष्काळ ही त्यांच्या स्थलांतराची कारणे घराण्याघराण्यांतून सांगितली जातात. मुंबई-आग्रा रस्ता हा त्यांचा मार्ग. भिवंडी, मालेगाव व धुळे ही मागांची गावे याच एका रस्त्याने ओवलेली आहेत, हा योगायोग नव्हे. डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांनी १९९९ साली विणकरांच्या स्थलांतरावर लिहिलेल्या निबंधात असे दाखविले आहे की, विणकरांचे स्थान बदलणे हे केवळ आपत्तीतील पलायन नव्हते. बाजार, सूत आणि आश्रय यांचा शोध घेत फिरणे ही या व्यवसायाची जुनी रीत होती. हेन्स यांच्या २०१२ मधील ग्रंथात पश्चिम भारतातील लहान शहरांच्या भांडवलाचा जो विचार आला आहे, त्यातही मालेगावला स्थान आहे. गॅझेटिअरमधील नोंदी वाचताना ही दृष्टी हाताशी असणे आवश्यक आहे.

या विणकराचे घर कसे असते? हातमागाच्या काळात माग जमिनीत खड्डा करून बसवीत. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे व पावड्या पायांनी दाबी. जमिनीतील ओलाव्याने सूत नरम राही व तुटे कमी. म्हणजे घराची जमीन हा मागाचाच एक भाग होता. दाराशी उजेड हवा म्हणून माग दाराजवळ. कांड्या भरण्याचे काम घरातील बायका-मुलांकडे. ताणा लांब पसरावयाचा तर घर अपुरे पडे, म्हणून तो गल्लीत पसरावयाचा. ज्या घराचे सूत गल्लीत ताणलेले असते, त्या घराची भिंत नेमकी कोठे मानावयाची? सूत देणारा व्यापारी, कापड नेणारा अडत्या, शेजारचा कारागीर आणि घरची माणसे या सर्वांचा व्यवहार एकाच जागी, मागाच्या भोवती होतो. त्यामुळे ‘घरी’ आणि ‘परक्यांशी’ हे दोन रकाने येथे वेगळे करता येत नाहीत. हिंदुस्तानी आणि मराठी यांची सरमिसळ उंबरठ्याबाहेर होते असे समजणे चूक आहे. ती मागाच्या खड्ड्यापाशीच होते.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून विजेचे माग येऊ लागले, आणि घराचा कायापालट झाला. यंत्रमागाला पक्का पाया लागतो, मातीची जमीन त्याचे हादरे सोसत नाही. म्हणून तळाशी लोखंड व वर संसार अशी उभी विभागणी झाली. ‘कारखाना’ हा शब्द मोठ्या गिरणीचा आभास उत्पन्न करतो, पण मालेगावात तो पुष्कळदा चार-आठ मागांच्या एका खोलीचे नाव असतो, आणि तिच्याच माथ्यावर मालकाचे कुटुंब राहते. मागांच्या खडखडाटात सलग संभाषण अशक्य असते. तेथे भाषा तुटक होते, हाका आणि खुणा यांवर येते. भाषिक पाहणी करणाऱ्यांनी अशा जागी कोणती भाषा बोलली जाते असे विचारण्यापूर्वी, तेथे बोलले तरी केव्हा जाते, हे विचारावयास हवे.

४

वस्त्यांच्या नावांकडे पाहिले म्हणजे गॅझेटिअरच्या सूत्राची मर्यादा आणखी स्पष्ट होते. ‘मोहल्ला’ हा शब्द अरबी ‘महल्ला’ याचे रूप. त्याच्या मुळाशी प्रवासात उतरणे, मुक्काम करणे हा अर्थ आहे. वाडा म्हणजे वेढलेली जागा, तर मोहल्ला म्हणजे उतरलेल्यांची जागा. विशेष असे की, नदीपलीकडील ‘कॅम्प’ या नावाचा मूळ अर्थही मुक्काम असाच आहे. १८१८ नंतर इंग्रजी फौजेची छावणी पडली, फौज गेली, आणि नाव मात्र बंगल्यांच्या, कचेऱ्यांच्या व पुढे महाविद्यालयाच्या परिसराला कायमचे चिकटून राहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर मुक्कामाचीच नावे स्थायिक झाली. एका तीराला मूळचे आणि दुसऱ्याला उपरे समजणाऱ्यांनी या दोन शब्दांचा इतिहास एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहावा.

इस्लामपुरा, नयापुरा, कमालपुरा, खुशामदपुरा ही नावे ‘पुरा’ या उत्तरपदाची. हे पद संस्कृत ‘पुर’ याचेच, पण उत्तरेतील शहरांच्या वापरातून आलेले. पुण्यातील पेठांची आठवण करून देणारी वारांची नावे मालेगावात ‘वॉर्ड’ या इंग्रजी शब्दाला जोडून चालतात. शुक्रवार वॉर्ड, बुधवार वॉर्ड ही त्यांची उदाहरणे. ‘बेलबाग’ या नावात बेल देशी व बाग फारसी. मात्र सर्वांत उद्बोधक नाव ‘हजारखोली’ हे आहे. जुन्या शहरातील, मुख्यतः उर्दू बोलणाऱ्यांच्या या वस्तीच्या नावात पहिले पद फारसी आणि दुसरे ‘खोली’, म्हणजे उघड उघड मराठी. घरात हिंदुस्तानी बोलतात हे विधान खरे धरले, तरी त्या घराचेच नाव मराठी आहे! मराठी या वस्तीत परक्यांशी बोलण्याची भाषा म्हणून बाहेर उभी नाही. ती घराच्या व्याख्येत शिरलेली आहे.

जमातीच्या नावांनाही हाच न्याय लागू आहे. गॅझेटिअरच्या काळातील नोंदींत विणकरांसाठी ‘जुलाहा’ हा शब्द येतो. तो मूळचा फारसी, व्यवसायवाचक, पण उत्तरेत त्याला हेटाळणीची छटा आली. ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात वसाहतकालीन कागदपत्रांतून ‘धर्मवेडा जुलाहा’ ही प्रतिमा कशी घडविली गेली याचे विवेचन केले आहे. स्वतः विणकरांनी ‘मोमीन’, म्हणजे श्रद्धावान, आणि पुढे ‘अन्सारी’, म्हणजे मदिनेतील साहाय्यकर्त्यांशी नाते सांगणारे नाव, यांचा स्वीकार केला. ज्या लेखनात नाव दुसऱ्याने दिलेले असते, त्यात घराचे वर्णनही दुसऱ्याच्या दारातून केलेले असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. गॅझेटिअर हा प्रशासनाचा ग्रंथ. त्याच्याकडून घराच्या अंतरंगाची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. शिवाय या मालेने जे जतन केले त्याची बरोबरी करील असे दुसरे साधन त्या काळासाठी नाही, हेही मान्य करावयास हवे. परंतु दोष त्या ग्रंथाचा थोडा आणि त्याच्यामागून चालणाऱ्यांचा अधिक आहे. मराठीतील स्थानिक इतिहास वाड्याशी थांबतो. किल्ला, सरदार, दानपत्र, मंदिर यांपलीकडे घर म्हणून त्याला काही दिसत नाही. उलट उर्दूतील सांगणे पुष्कळदा पूर्वेकडून आलेल्या काफिल्यापासून सुरू होते आणि त्या काफिल्याला येथे जी माणसे व जी भाषा भेटली, त्यांना पार्श्वभूमीवर ठेवते. दोघांच्या हाती मालेगाव अर्धेच लागते. भोवतालच्या खेड्यांची अहिराणी तर दोघांच्याही हिशेबातून सुटते. मालेगावचा मुलूख १८६९ साली नाशिक जिल्हा होण्यापूर्वी खानदेशात मोडत होता. ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या आपल्या खंडात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता भिली बोलींच्या सोबत केला. तिचे धाब्याचे घर, म्हणजे लाकडी सऱ्यांवर माती चोपून केलेल्या सपाट छपराचे घर, हे या मुलखातील सर्वांत सामान्य घर होय. ते वाड्याच्या मोठेपणात बसत नाही आणि मोहल्ल्याच्या कथेतही येत नाही.

दुसराही एक आक्षेप घेता येईल. यंत्रमागाच्या घराला ‘ऐतिहासिक’ म्हणण्याइतके वय तरी कोठे आहे? केंद्र सरकारचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांची अट घालतो. या मोजमापाने तट टिकतो आणि माग-घर कधीच टिकत नाही, कारण ते सतत बदलत राहते. मजला चढतो, खड्डा बुजतो, माती जाऊन काँक्रीट येते. परंतु बदलत राहणे हाच ज्या घराचा धर्म, त्याचे ऐतिहासिकत्व न बदललेल्या दगडांच्या मापाने मोजणे हा तर्कदोष आहे. अहमदाबादच्या तटबंदीच्या शहराला २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हा तेथील पोळी, म्हणजे एका दरवाजाआड नांदणारे शेजार, हा त्या निवडीचा महत्त्वाचा आधार होता. घर आणि शेजार यांना एकत्र वारसा मानण्याची ही दृष्टी मालेगावला परकी ठरण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९३३ साली मंदीच्या काळात बेकार वास्तुविशारदांना हाताशी धरून जुन्या इमारतींची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे घेण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथील उपनगरी वस्त्यांच्या जुन्या घरांचा अभ्यास अशा नोंदींवर उभा आहे. मात्र केवळ मोजमापांनी मालेगावच्या घराचा उलगडा होणार नाही. तेथे मोजपट्टीबरोबर शब्दांचीही नोंद हवी.

ही निकड वाढविणारे आणखी एक कारण आहे. २००६ व २००८ मधील स्फोटांनंतर ‘मालेगाव’ हे नाव देशभर एका घटनेचे नाव बनले. गावाचे नाव घटनेचे नाव झाले की, त्या गावातील घरे वाचकाच्या डोळ्यांसमोरून नाहीशी होतात आणि उरतात केवळ दोन तीर व त्यांमधला पूल. गॅझेटिअरच्या ‘घरी’ आणि ‘परक्यांशी’ या विभागणीचेच हे वाढलेले, भयंकर रूप होय. विद्येच्या क्षेत्रातील निष्काळजी वर्गीकरण समाजात किती दूर जाऊन पोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

६

मग करावयाचे काय? गो. स. घुर्ये यांनी १९६० साली लोणीकंद या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो थॉमस कोट्स यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी केलेल्या वर्णनाशी ताडून. जुने वर्णन हाती घेऊन पुन्हा त्याच गावात जावयाचे, ही ती पद्धत. मालेगावसाठी ती एका दुरुस्तीसह स्वीकारता येईल. परत जावयाचे ते जातींच्या यादीकडे नव्हे, एकेका घराकडे. एक घर घ्यावे. त्याचा आराखडा काढावा, आणि त्याच्या प्रत्येक भागाला घरातील माणसे, कामगार आणि शेजारी कोणते नाव देतात ते लिहून घ्यावे. मराठी विणकराचा धोटा पूर्वेकडील विणकरांच्या बोलीत ढरकी होतो. मालेगावच्या कोणत्या गल्लीत कोणत्या पिढीपर्यंत कोणता शब्द टिकला, फणी, कांडी, ताणा, बाणा यांची कोणती रूपे चालतात, आणि यंत्रमागाबरोबर आलेल्या इंग्रजी शब्दांनी कोणाला हुसकून लावले, याची नोंद झाल्यास विणकरांच्या स्थलांतराचा, शेजाराचा आणि यंत्रयुगाचा इतिहास एकाच तक्त्यात वाचता येईल. हातमागावर बसलेली पिढी आता फार थोडी उरली आहे, आणि खड्डामागाचे शब्द तिच्याबरोबर जाणारे आहेत.

गॅझेटिअरने मालेगावची माणसे मोजली आणि तट मोजले. माणसे आणि तट यांच्या मध्ये जे घर असते ते मोजावयाचे राहून गेले. ते काम मराठीच्या अभ्यासकांनी केले पाहिजे, आणि ते उर्दू व अहिराणी जाणणाऱ्यांना सोबत घेऊनच करता येईल, कारण त्या घरातील शब्द कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे नाहीत.